ई, एस, डी, एक्स

कंट्रोल-एस म्हणजे फाइल सेव्ह, हे बोटांना इतकं पाठ झालंय की वर्डस्टारमध्ये त्याने कर्सर एक अक्षर डावीकडे जायचा, हे नव्या पोरांना खरंच वाटत नाही. आणि कंट्रोल-सी? मजकूर एक स्क्रीनभर पुढे!

मंडळी, वर्डस्टार आला 1978 साली. मायक्रोप्रो कंपनीसाठी तो लिहिला रॉब बार्नबी यांनी. तेव्हाच्या कित्येक टर्मिनलांवर बाणांच्या कळाच नसत. म्हणून कर्सर हलवायला कंट्रोलच्या जोडीला अक्षरं घेतली, तीही जागा बघून: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. त्यांच्या बाहेरच्या ए आणि एफ ने एकेक शब्द मागे-पुढे. हात टायपिंगची जागा सोडत नाही, त्यामुळे लिहिण्याची तंद्रीही मोडत नाही.

मेख एवढीच की कंट्रोल तेव्हा बहुतेक कीबोर्डांवर ए च्या शेजारी असायची. 1980 च्या दशकात आयबीएमच्या 101 कळांच्या कीबोर्डने ती जागा कॅप्स लॉकला दिली, कंट्रोल गेली खाली कोपऱ्यात. करंगळीचे हाल तिथून सुरू झाले. मी तर सेटिंगमध्ये कॅप्स लॉकचीच कंट्रोल करून टाकलीय. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीतच, त्यामुळे मराठी लिहिताना कॅप्स लॉकची आठवणसुद्धा येत नाही.