शनिवारवाडा ते मंडई : पुण्यांतील एका राजमार्गाचा वास्तुवृत्तान्त

पुण्यांत शनिवारवाड्याजवळून निघून दक्षिणेस जाणारे बाजीराव रस्ता व शिवाजी रस्ता हे दोन समांतर मार्ग आज रहदारीनें गजबजलेले असतात. या दोहोंच्या आसपासचा पट्टा पेशवाईच्या काळीं राज्यकारभाराचें ठिकाण होता. शनिवारवाडा, बुधवारवाडा व विश्रामबाग हे पेशव्यांचे तीन वाडे याच टापूंत उभे राहिले. पैकीं पहिल्याचा अंतर्भाग जळाला, दुसरा समूळ नाहींसा झाला व तिसरा अर्धा उरला. असें कां झालें, आणि जें गेलें त्याचा पुरावा आतां कोठें शोधावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानें माघ शुद्ध ३ शके १६५१, म्हणजे १० जानेवारी १७३० रोजीं घातला, व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. या तारखा जुन्या, म्हणजे जूलियन, पद्धतीच्या आहेत हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. नव्या पद्धतीनें मोजल्यास दोन्ही दिवशीं मंगळवार येतो. जुन्या पद्धतीनें दोन्ही दिवशीं शनिवारच येतो, व वाड्याच्या नांवाशीं त्याचा मेळ बसतो. पहिल्या कामास १६,११० रुपये खर्च आला असें नमूद आहे. ही रक्कम कोणत्याहि भिंतीवर कोरलेली नाहीं. ती कागदानें राखिली.

आतां बांधणीकडे पाहूं. पुणेरी वाड्याचें जोतें घडीव दगडाचें असे. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर लांकडी खांब, खांबांवर तुळया, आणि मधल्या भिंती विटांच्या. माड्यांचा सर्व भार लांकडी सांगाड्यानें पेलावयाचा. कोरीव खांब व महिरपी यांनीं चौकांस शोभा येई. परंतु तीच शोभा अग्नीचें भक्ष्य होती. इ. स. १८२८ च्या आगींत शनिवारवाड्याचे महाल गेले. राहिला तो दगडविटांचा तट, बुरूज व दरवाजे. दिल्ली दरवाज्यावरील नगारखाना तेवढा अपवाद. पुढें १९१९ ते १९२३ या काळांत आंतील जागा मोकळी करून खोदकाम झालें, तेव्हां जोतीं, हौद व कारंजीं उघडकीस आलीं. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें हजारी कारंजें त्यांपैकींच होय.

दुसऱ्या बाजीरावाच्या दोन्ही वाड्यांस एकाच रात्रीनें गांठलें. १३ मे १८७९ रोजीं बुधवारवाडा आगीनें नष्ट झाला, व त्याच वेळीं विश्रामबागेचा पूर्वेकडील भागहि जळाला. संशय प्रथम वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाकडे गेला; परंतु आग लावणारे निराळेच निघाले. विश्रामबागेंत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा स्थापन झाली होती. तिचा जळालेला भाग पुढें लोकवर्गणी व नगरपालिका यांच्या साह्यानें पुन्हां उभा राहिला. म्हणून रस्त्यावरून तिची लांकडी दर्शनी बाजू आजहि पाहावयास मिळते. बुधवारवाड्याचें मात्र नांवच राहिलें. १८४८ सालीं लोकहितवादींच्या पुढाकारानें निघालेलें वाचनालय या वाड्यांतच होतें. तेंहि या आगींत सांपडलें. संग्राहकांस या आगीचें दुःख वाटावें तें विशेषतः या कारणानें.

लांकूड गेलें, तरी दगड व पाणी टिकलें. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावांतून भूमिगत नळानें पाणी शहरांतील हौदांत आणिलें होतें. वाटेवरील उच्छ्वासांवरून त्या नळाचा मार्ग ओळखतां येतो. नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं आरंभिलेलें तुळशीबागेंतील राममंदिर १७९५ सालीं पुरें झालें, व त्याचें शिखर १८८४ सालीं पूर्णतेस गेलें. तेथून जवळच अष्टकोनी मंडई उभी आहे. पूर्वीं भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणांत भरत असे. १८८६ सालीं तो गव्हर्नर रे यांच्या नांवाच्या या इमारतींत गेला. इमारतीवर पैसा खर्चण्यापेक्षां तो शिक्षणाकडे लावावा असें नगरपालिकेंत सांगणारे जोतीराव फुले. पुढें त्यांचेंच नांव या मंडईस मिळालें.

तात्पर्य, या मार्गाचा इतिहास जोत्याशीं व कागदांत असा दोनच ठिकाणीं उरला आहे. राजवाड्यांपुरता कागद पेशवे दफ्तरांत सुरक्षित आहे, व त्यांतील वेंचे रा. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापून काढिले. परंतु भोंवतालच्या सरदार, सावकार व कारकुनांच्या घरांचें तसें नाहीं. त्यांचे वाडे उतरवून नव्या इमारती उठत आहेत. घर खालीं येतें तेव्हां माळ्यावरचें दफ्तरहि खालीं येतें, आणि तें रद्दींत गेलें कीं त्या घराचा शेवटचा साक्षीदार गेला. वाड्याचा नकाशा, वांटणीपत्र, सुतार-गवंड्यांच्या मजुरीची यादी, हौदाच्या पाण्याचा हक्क सांगणारें एखादें पत्र, हे कागद राजकारणाच्या पत्रांइतकेच मोलाचे मानिले पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल तरी करून ठेवावी. कारण खांब जळाला तर दुसरा घडवितां येतो, पण तो कोणी, केव्हां व किती दामांत घडविला हें सांगणारा कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.