कौलांवरची अँटेना

साल 1974. पनवेल अजून कुलाबा जिल्ह्यात आहे. दिवेलागण झाली, की लाईन आळीतल्या एका घराच्या ओटीवर चपलांचा ढीग पडतो. तुमच्याही तिथेच काढा आणि आत सरका. आळीत टीव्ही या एकाच घरात आहे, आणि आज गायिका-अभिनेत्री फैय्याज गाणार आहेत.

मुंबईतल्या वरळीच्या टीव्ही केंद्राचं प्रक्षेपण पनवेलला सरळ पश्चिमेकडून येतं. घरातला थोरला मुलगा अँटेना धरून कौलांवर उभा आहे. "गेल्या का मुंग्या?" "नाही रे, अजून थोडी फिरव... बस, बस, हात काढ!" सतरंजीवरची पोरं टाळ्या वाजवतात. मागे बायका, दारात पुरुषमंडळी. मुंबई दूरदर्शनला 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरुवात झाली. चित्र कृष्णधवल आणि कार्यक्रम संध्याकाळचे काही तास. पण विनायक चासकरांचा 'गजरा', सुरेश खऱ्यांचं 'नाट्यावलोकन' यांमुळे नाटकातली माणसं या खोलीत आता परकी राहिलेली नाहीत.

फैय्याज पडद्यावर येतात. तुमच्या शेजारच्या काकू पदर सावरून बसतात, जणू पाहुणीच आली आहे.

'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक 1967 साली रंगभूमीवर आलं. त्यातली झरीना फैय्याज यांचीच. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसमोर उभं राहायचं आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, ही त्यांची तालीम. इथे समोर रांगाच नाहीत. स्टुडिओत प्रेक्षक नाही, दाद नाही. आहे तो जवळ आलेला कॅमेरा. म्हणून आज त्या आवाज खाली आणतात. शब्दाचा शेवट जवळजवळ कुजबुजल्यासारखा सोडतात, आणि तो सोडण्याआधीचा श्वास तुम्हाला दिसतो. भुवई किंचित हलते, तेवढ्यात ओळीचा अर्थ पालटतो. नाट्यगृहात हे पहिल्या रांगेलाही धड दिसलं नसतं. मला विचाराल, तर टीव्हीने नाट्यसंगीताला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच.

गमावलंही. रंगमंचावर पद रंगलं, की 'वन्समोअर' येतो आणि गाणारी नव्या जागा घेत पुन्हा उभी राहते. इथे गाणं मिनिटांत बसवलेलं. तान आत्ता उलगडणार असं वाटतं, तोच समेवर येऊन सगळं थांबतं. "संपलं?" काकू विचारतात. त्यांनी 'कट्यार' पाहिलेलं नाही. रात्रीचा प्रयोग सुटेपर्यंत परतीची एसटी निघून गेलेली असते, आणि दादरला मुक्काम करायला त्यांचं कुणी नाही.

निवेदिका पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगते. पोरं उठून अंगणात पळतात. काकू मात्र यजमानांकडे आजचा पेपर मागतात, नाटकांच्या जाहिरातींचं पान काढतात आणि तुमच्या हातात देतात. चष्मा घरी राहिलाय. "शिवाजी मंदिरला दुपारचा काही आहे का, बघा हो. यांचाच हवा."