टोकियोच्या चौकातील कुस्ती

देवळाच्या जत्रेत रंगलेला कुस्त्यांचा फड ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्यास कुस्तीचा निकाल म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत लोकांची मागणी एकच असते : कुस्ती निकाली व्हावी. दोघा मल्लांनी आपसांत ठरवून झुंज केल्याचा नुसता संशय आला, तरी फडावरील मंडळी खवळून उठतात. अशा लढतीस उत्तरेकडे ‘नूरा कुस्ती’ असे नावच पडले आहे आणि ते नाव कोणी गौरवाने घेत नाही. असे असता, आधी ठरवून केलेल्या कुस्तीने एका पराभूत राष्ट्रास धीर दिला असे कोणी म्हणाल्यास ते सहसा पटावयाचे नाही. परंतु तसे घडले आहे. ही हकीकत जपानातील असून तिचा आरंभ फेब्रुवारी १९५४ मध्ये टोकियो शहरात झाला.

१९४५ मध्ये जपान युद्धात हरला. हिरोशिमा व नागासाकी अणुबाँबने उद्ध्वस्त झाली होती, टोकियोचा मोठा भाग बाँबवर्षावात जळून गेला होता, आणि जेत्या सैन्याचा अंमल २८ एप्रिल १९५२ पर्यंत देशावर राहिला. परक्या सैनिकास वाट सोडून देण्याची सवय झालेल्या त्या लोकांत १ फेब्रुवारी १९५३ रोजी दूरचित्रवाणी अवतरली. एनएचके या सार्वजनिक संस्थेने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा साऱ्या देशात नोंदलेले ग्राहक होते अवघे ८६६. जपानात तयार झालेला पहिला संच पावणेदोन लाख येनांस मिळे; नुकत्याच नोकरीस लागलेल्या कारकुनाने वर्षभराचा सारा पगार बाजूस ठेवला असता तरी तो त्यास घेता आला नसता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात निप्पॉन टेलिव्हिजन ही खाजगी कंपनी सुरू झाली. तिचे प्रवर्तक मात्सुतारो शोरिकी हे वृत्तपत्रव्यवसायात मुरलेले गृहस्थ. घरोघर संच नाहीत, तर ते चौकात ठेवावे, अशी युक्ती त्यांनी काढली. जाहिरातदारास संचांच्या संख्येशी काय करावयाचे आहे? त्यास हवी असते पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या. अशा रीतीने रेल्वे स्थानकांसमोर, बागांतून, बाजारपेठांतून उंच चौथऱ्यांवर संच उभे राहिले, आणि कामावरून परतणारी माणसे त्यांच्यापुढे थबकू लागली.

त्या थबकलेल्या माणसांची गर्दी झाली ती १९ फेब्रुवारी १९५४ च्या संध्याकाळी. सुमोच्या कुस्त्या जेथे होत, त्या कुरामाए येथील सभागृहात त्या दिवशी व्यावसायिक कुस्ती होती आणि एनएचके व निप्पॉन टेलिव्हिजन या दोन्ही संस्था ती दाखवीत होत्या. एका शिंबाशी स्थानकासमोरच्या चौकात सुमारे वीस हजार माणसे लोटल्याचे सांगतात. एवढ्या समुदायापुढे पडदा तो केवढा! मागच्यांस तो हातरुमालाएवढाही दिसत नसेल. पण पुढच्यांची आरोळी उठली की मागचेही ओरडत.

लढत दोघांविरुद्ध दोघांची होती. एका बाजूस बेन व माइक हे शार्प बंधू, साडेसहा फुटांच्या घरातले गोरे मल्ल. दुसऱ्या बाजूस ज्युदोचा नामांकित विजेता मासाहिको किमुरा आणि सुमोचा आखाडा सोडून आलेला रिकिदोझान. गोऱ्यांनी नियम मोडावे, दोघांनी मिळून एकास गाठावे, पंचाची नजर चुकवावी. रिकिदोझानने बराच वेळ सोसावे आणि अखेर सहनशक्ती संपताच उघड्या हाताच्या कडेने त्यांच्या छातीवर तडाख्यांमागून तडाखे द्यावे, असा एकंदर क्रम होता. तो धिप्पाड गोरा मागे हटत हटत दोरांवर जाऊन आदळला की चौकातील म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. पहिल्या दिवशी ही झुंज बरोबरीत सुटली, तरी लोक जिंकल्यासारखे घरी गेले. ओळीने तीन दिवस हा सोहळा चालला.

आज मागे वळून पाहता त्या रिंगणातील एकही गोष्ट दिसत होती तशी नव्हती. ज्यांस लोक अमेरिकन समजून शिव्या देत होते ते शार्प बंधू कॅनडातील हॅमिल्टन गावचे. आणि ज्याच्या हातून जपानचा सूड उगवला जात होता तो रिकिदोझान जन्माने जपानी नव्हताच. त्याचे मूळ नाव किम सिन-राक. जन्म कोरियाच्या उत्तरेकडील हामग्योंग प्रांतातला. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि जपानात कोरियन माणसास हलके लेखण्याची रीत होती. कोवळ्या वयात तो सुमोच्या आखाड्यात दाखल झाला. पुढे मोमोता या कुळनावाने त्याची जपानी नोंद झाली व जन्मगाव नागासाकी प्रांतातील ओमुरा असे लागले.

सुमो हा शिंतो धर्माशी निगडित खेळ. लढतीपूर्वी मल्ल मीठ फेकून मातीचे रिंगण शुद्ध करतात. रिंगणावर देवळाच्या धाटणीचे छत असते. आपल्याकडे तालमीत शिरताना मारुतीस नमस्कार करून कपाळास माती लावतात, तसाच हा भाव. त्या आखाड्यात रिकिदोझान १९४९ साली सेकिवाके या तिसऱ्या श्रेष्ठ पदापर्यंत चढला. पण १९५० मध्ये त्याने मल्लपदाची खूण असलेली आपली शेंडी स्वतःच्या हाताने कापून टाकली. कारणे निरनिराळी सांगितली जातात. पुढे काही काळ बांधकामाच्या धंद्यात नोकरी करून, १९५१ च्या ऑक्टोबरात तो व्यावसायिक कुस्तीत उतरला आणि हवाईत राहून ती विद्या शिकून आला.

येथे वाचक विचारतील, की निकाल ठरलेला, गोरे अमेरिकन नव्हेत, नायक जपानी नव्हे, तर लोकांस लाभले ते काय? याचे उत्तर आपल्याच देवळात आहे. कोकण-गोव्यात दशावतारी काला होतो. त्यात दरसाल संकासूर येतो, आणि दरसाल त्याचा वध होतो. निकाल पोरासोरांनाही ठाऊक असतो, आणि संकासुराच्या मुखवट्याआड आपल्याच गावचा कोणी आहे हेही ठाऊक असते. म्हणून का कोणी त्यास खोटे म्हणतो? दुष्टाचा अखेर मोड होतो, हे वर्षातून एकदा डोळ्यांनी पाहावे अशी माणसाची भूक आहे. शिंबाशीच्या चौकातील वीस हजारांस तीच भूक लागली होती. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते.

परंतु हे साम्य येथेच संपते. काल्यात पात्र आणि प्रेक्षक या दोघांत एक उघड करार असतो. कोणी कोणास फसवीत नाही. टोकियोतील खेळात तो करार नव्हता. तेथे नाटकास झुंज म्हणून विकले जात होते, आणि त्याची किंमत कोणास तरी मोजावी लागणारच होती.

प्रथम ती मोजली किमुराने. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन एलिओ ग्रेसी या नामांकित मल्लास हरवून आलेला हा वीर. त्याच्या वाट्यास जोडीच्या कुस्तीत पडण्याचे काम येई व उठून जिंकण्याचे काम रिकिदोझानच्या. खरी झुंज झाल्यास आपण हरणार नाही, असे त्याने वर्तमानपत्रात बोलून दाखविले. २२ डिसेंबर १९५४ रोजी दोघांची लढत ठरली. ती बरोबरीत सोडवावयाची असे आपसांत ठरले होते, हे किमुराने पुढे स्वतः सांगितले. मध्येच रिकिदोझान खवळला, किंवा खवळण्याचे त्याने आधीच ठरविले होते. त्याचे तडाखे एकाएकी खरे झाले. सोळा मिनिटेही पुरी होण्यापूर्वी किमुरा रक्तबंबाळ होऊन निपचित पडला. वचन मोडलेल्यास जयजयकार मिळाला, आणि वचनावर विसंबलेल्याने तो अपमान जन्मभर वागविला.

खेळ मात्र वाढतच गेला. १९५५ मध्ये भारतात परिचित झालेला किंगकाँग आणि आपल्याकडील टायगर जोगिंदर सिंग हे जपानात लढले. त्या नोव्हेंबरात किंगकाँगला हरवून रिकिदोझान आशियाचा विजेता म्हणविला गेला. ऑक्टोबर १९५७ मध्ये अमेरिकेच्या लू थेझशी त्याने तासभर झुंज देऊन बरोबरी साधली, तेव्हा संच असलेल्या शंभर घरांपैकी सत्त्याऐंशी घरांत तीच लढत चालू होती असे मोजणीत आढळले. पुढे शुक्रवारी रात्री आठला, एक आठवडा आड, मित्सुबिशीच्या आश्रयाने ही कुस्ती दाखविली जाऊ लागली. दोन लढतींच्या मध्ये रिंगण झाडून काढीत ते त्याच कंपनीच्या विजेच्या झाडणयंत्राने. जेथे सुमोचा मल्ल मीठ फेकून जागा शुद्ध करतो, तेथे आता जाहिरातीचे यंत्र फिरू लागले! १९५९ सालच्या युवराजांच्या विवाहानेही घरोघर संच आले, आणि १९६२ मध्ये ग्राहकांची संख्या एक कोटीवर गेली. चौकातील माणसे घरात गेली. चौक रिकामे झाले.

आणि रिकिदोझान? त्याच्याजवळ संपत्ती होती, कीर्ती होती. नव्हते ते फक्त स्वतःचे नाव. त्याच्या गावाकडे त्याची एक मुलगी होती आणि मध्ये दोन देशांची सीमा होती. जानेवारी १९६३ मध्ये तो सोलला गेला. तेथे त्याचे स्वागत झाले, पण जपानातील लोकांस या भेटीचा अर्थ फारसा कळू दिला गेला नाही. त्याच वर्षी २४ मे रोजी ‘डिस्ट्रॉयर’ या मुखवटाधारी अमेरिकन मल्लाशी त्याची लढत शंभरांतील चौसष्ट घरांनी पाहिली. त्या रात्री एकाचा मुखवटा उघड दिसत होता, दुसऱ्याचा दिसत नव्हता. ८ डिसेंबरला टोकियोच्या एका रात्रीच्या क्लबात क्षुल्लक बाचाबाचीतून एका गुंडाने त्यास सुरा मारला, आणि १५ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याचा खरा जन्म जपानी जनतेस उघडपणे कळण्यास आणखी कितीतरी वर्षे जावी लागली.

त्याच लू थेझला २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी हरविले. एकोणीस वर्षांनी, १९८७ मध्ये, दूरदर्शनवर रामायण सुरू झाले, तेव्हा आपल्या गावोगावी एका संचाभोवती अवघी आळी जमू लागली, आणि हनुमंताच्या वेषात तेच दारासिंग समोर आले. कित्येकांनी संचास हार घातले. पडद्यावरचा हनुमंत कोण हे त्यांस माहीत नव्हते काय? पुरते माहीत होते, आणि माहीत असूनच त्यांनी हात जोडले. टोकियोतील लोकांस तशी संधी मिळाली नाही. ‘हा कोरियन आहे, आणि तरीही आमचा आहे’ असे म्हणता येण्याजोगी ओळख त्यांस कोणी करून दिली नाही. करून दिली असती तर त्यांनी तसे म्हटले असते की नाही, हा प्रश्न मात्र त्या रिकाम्या चौकात तसाच उभा आहे.

कोणास पराक्रमी म्हणून खांद्यावर घेताना त्याचे गाव, कूळ, जात विचारण्याची खोड आपल्याही जत्रांतून अजून गेलेली नाही. त्या प्रश्नाच्या भीतीने एका बलाढ्य पुरुषास सारा जन्म मुखवट्यात काढावा लागला, एवढे ध्यानात राहिले तरी ही जुनी कुस्ती आठविल्याचे सार्थक झाले.