फावडे हाती घेतलेल्या विद्यार्थिनी

पीएच.डी.चे काम करत असताना माझ्याकडे साठ-सत्तर कुंड्यांची जबाबदारी होती. वनस्पतींना पाणी किती लागते, ते मुळांतून पानांपर्यंत कसे चढते, हे सगळे मी वाचलेले होते. म्हणून रोज सकाळी प्रत्येक कुंडीला मी मोजून सारखे पाणी घालत असे. तीन आठवड्यांत निम्मी रोपे पिवळी पडली. शेवटी तिथल्या माळीकाकांना बोलावले. ते रांगेतून चालत गेले, प्रत्येक कुंडीवर बोटाने टिचकी मारत गेले आणि म्हणाले, "हिला पाणी द्या. हिला नको. हिलाही नको."

या टिचकीमागे साधे पदार्थविज्ञान आहे. माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून किंचित सुटते. मोकळ्या झालेल्या भाजक्या कुंडीवर टिचकी मारली की ती खणकन वाजते. ओली माती मात्र भिंतीला चिकटून असते, ती कंपने दाबून टाकते आणि आवाज बद्द येतो. माझ्या बऱ्याच कुंड्या बद्द वाजत होत्या. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरली होती आणि मुळांना प्राणवायू मिळत नव्हता. (प्लास्टिकच्या कुंडीवर ही युक्ती चालत नाही.)

हे मला कोणी शिकवले नव्हते. माळीकाकांना ते येत होते, पण त्याचे कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. हाताचे शिक्षण आणि पुस्तकाचे शिक्षण अशी ही फारकत जुनीच आहे. ती मोडायचे प्रयत्नही जुने आहेत. त्यांतला एक इंग्लंडमधल्या काही मुलींनी केला. त्याची हकिगत शिक्षकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये माळी होण्याची वाट ठरलेली होती. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एखाद्या मोठ्या बागेत उमेदवार म्हणून लागे. कुंड्या धुणे, खत वाहणे, थंडीच्या रात्री काचघराच्या भट्टीत कोळसा घालणे, असे करत करत तो वर चढे. या वाटेने माणूस किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. १८२३ साली तो चिझिक येथील हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत कामाला लागला. १८२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो चॅट्सवर्थच्या प्रसिद्ध बागेचा मुख्य माळी झाला. पुढे १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच वापरून उभारलेला 'क्रिस्टल पॅलेस' त्याच्याच कल्पनेतून आला. काचघरे बांधताना हाताला आलेला अनुभव त्याच्या पाठीशी होता.

मग स्त्रिया कुठे होत्या? बागेत होत्याच. गरीब घरच्या बायका रोजंदारीवर खुरपणी करत. मध्यमवर्गातल्या मुलींना फुलांची चित्रे काढायला आणि वनस्पतींची नावे पाठ करायला उत्तेजन मिळे. एकीच्या हातात खुरपे होते, दुसरीच्या हातात पुस्तक. दोन्ही एकाच हातात येण्याची सोय मात्र नव्हती, कारण उमेदवारीचे दार फक्त मुलांना उघडे होते.

हे दार पहिल्यांदा किलकिले झाले केंट परगण्यातल्या स्वॉन्ली येथे. १८८९ साली तिथे बागकामाचे महाविद्यालय सुरू झाले. सुरुवातीला ते तरुण पुरुषांसाठीच होते. १८९१ पासून तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलींनी आयुष्यात कधी फावडे धरलेले नव्हते. इथे दिवसाची वाटणी केलेली असे: काही वेळ वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राची व्याख्याने, काही वेळ प्रत्यक्ष बागेत काम.

ही वाटणी का महत्त्वाची, ते कलमाच्या उदाहरणावरून पाहू. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ, ओलसर थर असतो. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडले तरच कलम जगते. फळ्यावर हे पाच मिनिटांत समजते. पण काप एकाच झटक्यात सपाट कसा घ्यायचा, कापलेला भाग सुकण्याआधी जोड कसा बसवायचा, पट्टी किती घट्ट आवळायची, हे वीस-पंचवीस कलमे फुकट घालवल्याशिवाय येत नाही. उलट, नुसती कलमे बांधत राहणाऱ्याला हात साधतो, पण खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मधोमध न लावता एका कडेला का लावायची, हे तो सांगू शकत नाही. थराला थर भिडला पाहिजे, हे त्याचे कारण. ते एकदा कळले की माणूस नवख्या झाडावरही कलम बांधायला धजतो.

स्वॉन्लीची परीक्षा पुढच्या काही वर्षांत झाली. १८९६ साली क्यू येथील राजोद्यानाचे संचालक विल्यम थिसल्टन-डायर यांनी स्वॉन्लीत शिकलेल्या ॲनी गल्विन आणि ॲलिस हचिंग्ज यांना माळी म्हणून कामावर घेतले. त्यांनी पुरुषांसारखाच पोशाख करावा, अशी अट होती. गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी घालून खणणाऱ्या मुली पाहायला लोक जमू लागले. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. त्यांच्या हाताखालची रोपे कशी आहेत, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. पण पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, ॲनी गल्विन वेल्समधल्या एका मोठ्या बागेची मुख्य माळी झाली. या जागेवर स्त्री येणे ही तोवर न घडलेली गोष्ट होती.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. पॅक्स्टन जिच्या बागेत उमेदवारी करत होता तीच संस्था पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९३ पासून ही संस्था बागकामाची परीक्षा घेत असे. १८९८ साली ऑलिव्ह हॅरिसन नावाची तरुणी या परीक्षेत पहिली आली. पहिल्या क्रमांकाला संस्थेच्या बागेत राहून शिकण्याची शिष्यवृत्ती होती. ती स्त्री आहे म्हणून शिष्यवृत्ती नाकारण्यात आली.

इथे नाकारले काय गेले, हे नीट पाहिले पाहिजे. गुण नाकारले नाहीत. पुस्तकी ज्ञानात स्त्री पहिली येऊ शकते, हे संस्थेने मान्य केले. तिला बागेत येऊन हाताने काम करू देणे मात्र मान्य नव्हते. म्हणजे परीक्षा सर्वांना खुली होती आणि शिकण्याची जागा बंद होती.

तरीही पाऊल मागे गेले नाही. १९०३ पर्यंत स्वॉन्ली हे पूर्णपणे स्त्रियांचे महाविद्यालय झाले. १९०२ मध्ये फॅनी विल्किन्सन तिथल्या प्राचार्य झाल्या. लंडनच्या दाट वस्तीत अनेक सार्वजनिक बागा त्यांनी आखल्या होत्या. १८९० मध्ये खुली झालेली व्हॉक्सहॉल पार्क ही त्यांतलीच एक. पहिल्या महायुद्धात पुरुष माळी आघाडीवर गेले तेव्हा क्यूने पुन्हा स्त्रियांना बोलावले आणि युद्ध संपल्यावर त्यांना रजा दिली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बोलावणे आले. याच युद्धात स्वॉन्लीच्या इमारतींवर बॉम्ब पडले आणि १९४५ मध्ये हे महाविद्यालय वाय कॉलेजात विलीन झाले.

या हकिगतीचा पुढचा धागा भारतात येतो. १९४६ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या विस्ली येथील बागेत एका स्त्री शास्त्रज्ञाची नेमणूक केली. ऑलिव्ह हॅरिसनला दार बंद करणारी संस्था हीच. ही शास्त्रज्ञ होती केरळातल्या तलश्शेरीची ई. के. जानकी अम्माल. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून तिने कोइमतूरला उसावर काम केले होते. सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लिहिलेला, लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा तिचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विस्लीत तिने मॅग्नोलियाच्या रोपांवर कॉल्चिसीन या द्रव्याचे प्रयोग केले. पेशी विभागताना या द्रव्यामुळे गुणसूत्रे दुप्पट होतात. त्यातून वेगळ्या गुणांची झाडे मिळू शकतात. तिच्या नावाचा एक मॅग्नोलिया आजही ओळखला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजणे आणि इवल्या रोपाला जपून वाढवणे, ही दोन्ही कामे तिथे एकत्र आली.

इंग्लंडमधल्या सुशिक्षित मुलींजवळ पुस्तक होते, त्यांना फावडे हवे होते. आपल्याकडे प्रश्न उलट्या टोकाने उभा होता. इथल्या शेतकऱ्याच्या हातात नांगर-खुरपे पिढ्यान्पिढ्या होते, पुस्तक नव्हते. स्वॉन्ली सुरू होण्याच्या सात वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे, आणि धड्यांच्या जोडीला मुलांना प्रत्यक्ष काम शिकता येईल अशी छोटी नमुना शेती असावी, असे त्यांनी त्यात सुचवले होते. ज्या घराण्याचे आडनावच फुलांच्या व्यवसायावरून पडले, त्या घरातल्या माणसाला हाताच्या ज्ञानाची किंमत वेगळी सांगावी लागत नव्हती. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण त्यांची मागणी विद्यापीठाची नव्हती, गावच्या शाळेची होती.

आज ज्या शाळेत बाग आहे तिथे एक दिवस नुसते निरीक्षण करून पाहावे. आळी कोण खणते? पाणी कोण घालते? शिक्षा म्हणून तण उपटायला कोणाला पाठवले जाते? आणि विज्ञानाच्या तासाला मुळांच्या रचनेवर उत्तर देऊन शाबासकी कोण मिळवते? ही मुले वेगवेगळी असतील, तर १८९८ सालची गोष्ट संपलेली नाही.

एक छोटा प्रयोग सुचवतो. मातीच्या दोन सारख्या कुंड्यांत सारखी रोपे लावावीत. एकीला रोज ठरावीक पाणी घालावे, दुसरीला टिचकी मारून आवाज खणखणीत आला तरच. महिनाभराने दोन्ही रोपे उपटून मुळे धुवावीत आणि शेजारी ठेवून पाहावीत. खणणे, टिचकी, नोंद आणि कारण शोधणे, ही चारही कामे प्रत्येक मुलाने आणि मुलीने करावीत, एवढाच नियम ठेवावा. माझी तीसेक रोपे ज्या कारणाने मेली ते कारण त्यांना महिन्याभरात सापडेल.