बुलढाण्याच्या ताराबाई आणि आमचा शनिवारचा तास
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘जीवनकौशल्ये’ हा जडसा शब्द शाळेत आला तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा कौशल्यांची यादी केली होती. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, निर्णय घेणे, ताण सोसणे वगैरे. यादी चांगलीच होती, पण ती फळ्यावर लिहून भागेना.

म्हणून एका शनिवारी मी नववीच्या मुलामुलींना सांगितले, घरात कोण काय काम करते ते लिहा. निम्म्या मुलांनी आईपुढे ‘काही नाही’ असे लिहिले. त्या आया पहाटे भाकरी थापून निंदणाला, नाहीतर कापूस वेचायला जात. डवरणीला जाणारा बाप मात्र ‘शेतकरी’. एकाही मुलाला यात वावगे दिसले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत मलाही दिसले नव्हते.

त्याच आठवड्यात मला ताराबाई शिंदे आठवल्या. त्या आपल्या वऱ्हाडातल्याच, बुलढाण्याच्या. अकोल्याहून खामगावमार्गे जेमतेम शंभर किलोमीटर. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. लेकीला त्यांनी घरीच शिकवले. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलज्जेपायी नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. पण वर्तमानपत्रांतून झोड उठली ती साऱ्या बाईजातीवर. त्या बाईला ज्याने फसवले त्याचे नाव कुठेच नाही! ताराबाईंचा संताप या जागेवरचा होता.

१८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले. पाने अवघी बावन्न, किंमत नऊ आणे. जो दुर्गुण बायकांच्या माथी मारता तो पुरुषांत नाही का, असे त्या एकेक दोष घेऊन विचारतात. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा मेलेल्या बाईचे केस का उतरवायचे? याला चिकित्सक विचार म्हणतात हे मला यादीपेक्षा त्या पुस्तकाने अधिक चांगले शिकवले. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा महात्मा फुले १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. पुढे मात्र पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले.

मी त्यातला मुद्दा सोप्या भाषेत वर्गात मांडू लागलो. गावात कुजबुज झाली. ‘पोरी बिघडवता काय?’ असे एकाने पारावर तोंडावरच विचारले. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तिकांवरून विधिमंडळातही गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम थांबवला. तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ची शिबिरे घेत होत्या, त्यांना हे सारे नवीन नसावे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईवडील दोघे मिळून भाजी निवडताहेत असे चित्र आले ते २०१९ साली. मला ते पाहून त्या ‘काही नाही’वाल्या वह्या आठवल्या.

तास मी चालू ठेवला, फक्त मुलांनाही बोलते केले. एकाने आठवडाभर पाणी भरून पाहिले. मान दुखते म्हणाला. मुली हसल्या, पण एक हसली नाही. दहावीनंतर तिचे लग्न ठरवायचे घरात चालले होते. तिने विचारले, ‘सर, ताराबाईंनी दुसरं पुस्तक का नाही लिहिलं?’

मी म्हणालो, एवढी टीका झाल्यावर लिहावेसे वाटले नसेल. ती म्हणाली, ‘वाटलं असंल. छापलं नसंल कोणी.’ त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांशी पहिल्यांदा दोन तास बोललो. ते वर्ष तरी लग्न पुढे गेले.