हिमवाइन आणि बारामती-इंदापूरचा द्राक्षप्रदेश

हिमवाइन : वेलीवर असतानाच गोठलेल्या द्राक्षांच्या रसाचे किण्वन करून मिळणारी गोड वाइन. जेवणाच्या शेवटी गोड पदार्थाबरोबर किंवा त्याऐवजी ती अल्प प्रमाणात घेतात. जर्मनी, ऑस्ट्रिया व कॅनडा हे तिचे प्रमुख उत्पादक देश होत. महाराष्ट्रातील हिवाळ्यात द्राक्षे वेलीवर गोठत नाहीत. त्यामुळे या अर्थाची हिमवाइन येथे तयार होत नाही. तथापि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिसराचा द्राक्षांशी व वाइनशी आलेला संबंध एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. गोड वाइनला थंडीची गरज का असते आणि थंडी नसेल, तर त्या जागी काय करता येते, हे या प्रदेशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तत्त्व व कृती : पक्व द्राक्षाच्या रसात वजनाने साधारणतः २० ते २४ टक्के शर्करा असते. असा रस शुद्ध पाण्याप्रमाणे ०° से. ला गोठत नाही. त्यासाठी तापमान सु. उणे ३° से. पर्यंत उतरावे लागते. तापमान आणखी खाली गेले म्हणजे रसातील पाण्याचे स्फटिक होत जातात व शर्करा, आम्ले आणि स्वादद्रव्ये उरलेल्या द्रवात एकवटतात. या अवस्थेत, बहुधा पहाटेच्या अंधारात, द्राक्षे तोडून ती गोठलेली असतानाच दाबयंत्रात घालतात. बर्फ आत राहतो व मधासारखा दाट रस थेंबाथेंबाने बाहेर पडतो. कॅनडात तोडणीच्या वेळी तापमान उणे ८° से. किंवा त्याखाली असणे आणि रसाची शर्करा किमान ३५ टक्के असणे आवश्यक मानतात. जर्मनीत ही तापमानमर्यादा उणे ७° से. आहे. इतक्या दाट रसात किण्वाची (यीस्टची) वाढ मंदावते, किण्वन अर्ध्यावर थांबते आणि बरीच शर्करा तशीच शिल्लक राहते. रसाचा उतारा नेहमीच्या वाइनच्या मानाने फारच कमी, अनेकदा एक-पंचमांशाहूनही कमी, असतो. तिच्या भारी किंमतीचे हे एक मुख्य कारण होय.

या वाइनचा विशेष केवळ गोडीत नाही. गोठण्याच्या क्रियेत शर्करेबरोबर आम्लही दाट होते. त्यामुळे वाइन अतिशय गोड असूनही गोडमिट्ट लागत नाही. आंबटपणा गोडीला तोलून धरतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

उगम व प्रसार : जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रदेशात १७९४ च्या हिवाळ्यात गोठलेल्या द्राक्षांपासून वाइन केल्याचे सांगितले जाते. अधिक खात्रीचे उदाहरण ऱ्हाईन नदीकाठच्या बिंगेन शहराजवळील ड्रोमर्सहाइम या गावचे आहे. १८२९ सालचे द्राक्षपीक हलके निघाल्याने पुष्कळशी द्राक्षे वेलींवरच सोडून देण्यात आली होती. ११ फेब्रुवारी १८३० रोजी गुरांच्या चाऱ्यासाठी ती तोडली असता त्यांचा रस विलक्षण गोड असल्याचे आढळले. तथापि पुढील सु. सव्वाशे वर्षे हा प्रकार क्वचितच घडे. वायुचलित दाबयंत्रे, पक्ष्यांपासून संरक्षण देणारी आच्छादने आणि हवामानाचे अंदाज उपलब्ध झाल्यावरच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला नियमितपणा आला. १९८२ मध्ये जर्मन कायद्याने हिमवाइनला स्वतंत्र दर्जा दिला. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातील इनिस्किलिन या कंपनीने १९८४ मध्ये तिचे उत्पादन केले व तिच्या १९८९ च्या वाइनला १९९१ साली फ्रान्समधील बॉर्दो येथील प्रदर्शनात सर्वोच्च सन्मान मिळाला. तेव्हापासून कॅनडाला या क्षेत्रात अग्रस्थान प्राप्त झाले. उलट, २०१९-२० चा हिवाळा उबदार गेल्याने जर्मनीतील एकाही वाइनप्रदेशात हिमवाइन होऊ शकली नाही. ज्या देशांत थंडी गृहीत धरली जात असे, तेथेही ती आता दुर्मिळ होऊ लागली आहे.

बारामती-इंदापूरचा प्रदेश : हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण भाग असून वार्षिक पाऊस सरासरीने सु. ५०० मिमी. पडतो. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. हिवाळ्यातील रात्री थंड असल्या, तरी पारा गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही. दक्षिणेस नीरा व उत्तर-पूर्वेस भीमा या नद्या असून इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना रोटी घाट, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मार्गाने जाऊन नीरेपलीकडील अकलूजला पोहोचते. या एका वाटेवर प्रदेशाचे मुरमाड माळ, कालव्याखालील ऊस आणि द्राक्षमळे असे तीनही रूप क्रमाने दृष्टीस पडतात.

पहिला टप्पा : दक्षिणेतील द्राक्षलागवड मध्ययुगापासून ज्ञात आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने दौलताबाद परिसरातील द्राक्षे व डाळिंबे यांचा उल्लेख केला आहे. ब्रिटिश अंमलात वाइनसाठी द्राक्षे लावण्याचे प्रयत्न झाले व त्यांत काश्मीर आणि सुरत यांच्याबरोबर बारामतीचे नाव येते. १८८३-८४ च्या कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारतीय वाइन मांडण्यात आल्या व त्यांचे स्वागतही चांगले झाले. हिमवर्षाव अनुभवणारे काश्मीर आणि बर्फ न पाहणारी बारामती ही एकाच व्यवसायाची दोन टोके होती. यानंतर मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने भारतातील वाइनचे मळे उद्ध्वस्त केले, असे मानले जाते.

त्याच सुमारास या भागातील शेतीला वेगळे वळण लागले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर संरक्षक सिंचनाची निकड जाणवली आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. भोरजवळील भाटघर धरणाच्या पाण्यावर तो पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांना पाणी देऊ लागला. हे पाणी प्रामुख्याने उसाकडे वळले. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांची त्यात भर पडली. गोडी हेच या प्रदेशाचे मुख्य उत्पादन झाले. मात्र ती द्राक्षाची नव्हे, तर उसाची होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे वाइनचा विचारही दीर्घकाळ मागे पडला.

द्राक्षांचे पुनरागमन : द्राक्ष पुन्हा आले ते खाण्याचे फळ म्हणून. पुण्यातील गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात निवडलेली चिमा साहेबी ही जात प्रथम प्रसिद्धीस आली. नंतर बिनबियांच्या थॉमसन सीडलेसने तिची जागा घेतली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची स्थापना झाली. बारामतीत अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले व पाठोपाठ आलेल्या १९७२ च्या दुष्काळाने पाणी मोजून वापरण्याचा धडा दिला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी गावे गेली. त्याच पाण्यावर काठच्या माळांवर उपसा सिंचनाने बागा उभ्या राहिल्या. ठिबक सिंचन आणि क्षार व पाण्याची टंचाई सोसणारे डॉगरिज हे खुंट यांमुळे हलक्या जमिनीतही वेल तगू लागली. इंदापूर तालुक्यातील बोरी हे गाव निर्यातक्षम द्राक्षांसाठी विशेष नावाजले.

येथील वेलीला हिवाळी विश्रांती नसते. वर्षातून दोन छाटण्या करून तिचे ऋतुचक्र माणसाला ठरवावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीने फलधारक काडी तयार होते व ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर घड येतात. फळ जानेवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे वाढत्या उन्हात पिकते. युरोपात मात्र ते सरत्या शरदात, उतरत्या तापमानात पिकते. गोड वाइनच्या दृष्टीने दोन प्रदेशांतील सर्वांत मोठे अंतर हेच आहे.

वाइनचे पुनरुज्जीवन : पुणे जिल्ह्याच्याच उत्तर भागात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात इंडेज हा उद्योग उभारून फेसाळ वाइन निर्यात केली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून करसवलती दिल्या आणि नासिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने आखली. बारामतीनजीक दौंड तालुक्यातील रोटी येथे युनायटेड स्पिरिट्स या कंपनीने फोर सीझन्स ही वाइनरी काढली. पुढे ती ग्रोव्हर झांपा या उद्योगाकडे गेली. नीरेच्या पलीकडे माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन व दिल्लीकर भागीदारांसह २००७ च्या सुमारास फ्रातेल्ली या वाइनरीचा पाया घातला. अशा रीतीने १८८३ नंतर सव्वाशे वर्षांनी वाइन पुन्हा याच टापूत आली.

ही वाटचाल सरळ नव्हती. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, साठे पडून राहिले आणि वाइनसाठी द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटून खाण्याच्या द्राक्षांकडे पुन्हा मोर्चा वळविला. इंडेजही या काळात टिकू शकला नाही. वाइनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असतात. कारखान्याने ती नाकारल्यास बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. या क्षेत्रातील धोका प्रथम शेतकऱ्याच्या अंगावर येतो, हे त्या काळात दिसून आले.

थंडीविना गोड वाइन : हिमवाइनखेरीज रस दाट करण्याच्या अन्य रीती पूर्वापार प्रचलित आहेत. द्राक्षे उशिरापर्यंत वेलीवर ठेवणे, तोडून वाळविणे (उदा., इटलीतील तस्कनी भागाची व्हिन सांतो), विशिष्ट बुरशीकडून त्यांतील पाणी कमी करवणे (उदा., हंगेरीची तोकाय) किंवा किण्वन चालू असता मद्यार्क मिसळून ते थांबविणे (उदा., पोर्ट) या त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रात पहिली रीत रुजली आहे. नासिकच्या सुला या वाइनरीने शेनिन ब्लाँ या जातीच्या उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन बाजारात आणली. दुसऱ्या रीतीचा पाया बेदाण्याच्या रूपाने तासगाव-सांगली व पंढरपूर भागांत आधीच तयार आहे. साधारण चार किलोग्रॅम द्राक्षांपासून एक किलोग्रॅम बेदाणा मिळतो. गोडी एकवटण्याचे जे काम उत्तरेत हिम करते, तेच येथे कोरडी हवा करते.

परंतु दोहोंचा परिणाम सारखा नाही. बर्फ शर्करा व आम्ल दोन्ही राखतो; उष्णतेत शर्करा वाढते, पण वेलीवरील फळ श्वसनात मॅलिक आम्ल खर्च करीत राहते. त्यामुळे मार्चच्या उन्हात घड जितके अधिक काळ ठेवावेत, तितकी गोडी वाढते आणि तोल बिघडतो. बारामती-इंदापूरला गोडीची उणीव कधीच नव्हती. उणीव आहे ती आंबटपणाची. म्हणूनच उशिरा तोडणीसाठी शेनिन ब्लाँसारखी आम्ल टिकवून धरणारी जात निवडणे, पहाटे तोडणी करणे आणि किण्वन शीतपात्रांत करणे यांना येथे महत्त्व आहे.

तोडलेली द्राक्षे शीतगृहात गोठवून दाबणे, हा आणखी एक मार्ग होय. फ्रान्समधील सोतेर्न भागात १९८० नंतरच्या दशकात त्याचा अवलंब झाला. मात्र जर्मनी व कॅनडा येथील नियमांनुसार अशा वाइनला हिमवाइन म्हणता येत नाही. निर्यातीसाठी पूर्वशीतकरण व शीतगृहांची सोय द्राक्षपट्ट्यात झाली आहे, तथापि तिचा हेतू नेमका उलट आहे : फळ ०° से. च्या आसपास थंड राखावे, पण गोठू देऊ नये. खाण्याच्या द्राक्षाला गोठणे म्हणजे नाश. नासिक जिल्ह्यातील निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत बागांमध्ये शेकोट्या पेटवितात, त्या याच भीतीने.

नीरा-भीमेच्या प्रदेशात बर्फ येतो तो गारांच्या रूपाने. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील तोडणीस आलेल्या बागांची अतोनात हानी केली. गोड वाइनसाठी घड उशिरापर्यंत ठेवणे म्हणजे नेमक्या याच धोक्याच्या आठवड्यांत पीक उघड्यावर ठेवणे होय. शिवाय तोडणी लांबल्यास खरड छाटणीपूर्वीची वेलीची विसावा घेण्याची मुदत कमी होते आणि पुढील हंगामाला झळ बसते. द्राक्षे वजनावर विकली जातात. वेलीवर उडून जाणारे पाणी हे शेतकऱ्याच्या दृष्टीने घटणारे उत्पन्न असते. गोडीनुसार भाव ठरविणारा व नुकसानीचा वाटा उचलणारा करार असल्याशिवाय हा प्रयोग त्याला परवडत नाही.

बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अवर्षण, क्षार व उष्णता यांचा पिकांवरील परिणाम अभ्यासते. हवामान तापत असताना हा अभ्यास केवळ या प्रदेशापुरता राहत नाही. जर्मनीतील मळेवाल्यांना जी थंडी आता दरवर्षी मिळेलच असे नाही, तिच्याविना द्राक्ष वाढविण्याचा अनुभव येथील बागाईतदारांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिमवाइन या भूमीत होणार नाही. परंतु कमी पाण्यावर, कडक उन्हात आम्ल राखून पिकणारे द्राक्ष येथे सिद्ध झाले, तर या प्रदेशाच्या गोड वाइनला स्वतःचे नाव मिळू शकेल.