बंदर म्हणजे उद्योग का? डहाणूची गोष्ट

घोलवडचा चिकू खाल्लाय ना? आजची गोष्ट त्याच पट्ट्यातली, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याची. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे, खाड्या आणि मासेमारीची गावं. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही हा तालुका कारखान्यांनी भरला नाही. का?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र मंजूर झालं. स्थानिक बागायतदार कोर्टात गेले. केंद्र काही थांबलं नाही. पण २० जून १९९१ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला.

नियम काय होते? राज्याने तालुक्याचा आराखडा करायचा, तोही आज जमीन जशी वापरात आहे तशीच धरून. म्हणजे वाडी ती वाडी, आदिवासी भाग तो आदिवासी भाग. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून फक्त ५०० एकर. उद्योगांचे तीन रंग पाडले: हिरवे, नारिंगी, लाल. लाल म्हणजे सर्वात प्रदूषण करणारे, त्यांना प्रवेशच नाही.

कागदावर छान! अंमलबजावणी मात्र रेंगाळली. शेवटी पर्यावरण पत्रकार बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिले. डहाणूसाठी वेगळं प्राधिकरण आलं, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. आणि १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला सरळ ‘नाही’ म्हटलं. हे बंदर १९९१च्या नियमांत बसत नाही, असा निर्णय दिला.

आता गंमत बघा. २०१९च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल यादीतून काढून ‘बिगर-औद्योगिक’ गटात टाकलं. ५०० एकरांची अट तशीच, लालवरची बंदीही तशीच. फक्त बंदर आता ‘उद्योग’ राहिलं नाही! ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ३० ऑगस्ट २०२४ला भूमिपूजन झालं.

बंदराची बाजू मांडणारे म्हणतात, हे समुद्रात भराव टाकून होणार, देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, रोजगार येईल. मच्छीमार विचारतात, आमचं जाळं टाकायचं पाणीच गेलं तर आम्ही जायचं कुठे? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

पण इतिहास म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. संरक्षित भागाचा नियम मोडायला नकाशावरची रेघ पुसावीच लागते असं नाही, कधी कधी एका शब्दाचा अर्थ बदलला तरी पुरतं. तुमच्या भागाचा विकास आराखडा कधी हातात आला, तर नकाशातले रंग बघाच, पण शेवटच्या पानावरच्या व्याख्याही वाचा.

भेटू पुढच्या भागात!